साडूबुवा, आता तुम्ही बोला

४ जून

साडूबुवा,

‘सप्रेम’ हा शब्द लिहून खोडला आहे. कागद उजेडाकडे धरलात तर दिसेल. तेवढ्यावर समाधान माना.

तुमची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी असल्या, तरी आपण दोघांनी एकमेकांना शेवटचं पत्र लिहिलं ते मेहुण्याच्या लग्नाआधी. त्या लग्नात मी नवरदेवाचं घड्याळ गायब केलं, तुम्ही ते माझ्या खिशातून गायब केलंत, आणि शेवटी ते सरबताच्या भांड्यात सापडलं. ‘ते तिथे मीच पोचवलं’ असं मी सांगितलं. तुम्ही छातीवर हात ठेवून मान लववलीत आणि टाळ्या तुम्हाला पडल्या. त्यानंतर आपण घरच्या कार्यांत भेटत राहिलो. पण तुम्ही मुळातच बोलत नाही आणि मी तुमच्याशी बोलायचं सोडलं, त्यामुळे फरक कुणाच्याही लक्षात आला नाही.

आता त्याच लग्नाचं फळ, म्हणजे मेहुण्याची लेक, सिनेमा काढते आहे. तुमच्याकडेही येऊन गेल्याचं कळलं. विनोदी सिनेमा. दोन जादूगार, एकमेकांच्या मुळावर उठलेले. एक बोलायचा थांबत नाही, दुसरा तोंड उघडत नाही. एकाला लोक ‘धबधबा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘मौनी’. ही नावं पोरीने कुठून आणली हे तुम्हाला-मला विचारायला नको. पोस्टरवर ती वाचत लोकांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. तरुणपणीची कामं नट करणार आहेत. शेवटच्या प्रवेशात मात्र म्हातारे झालेले दोघे एकाच रंगमंचावर येतात, आणि तिथे तिला खरे आतोबाच हवेत, थोरले आणि धाकटे. ते झालं नाही तर सिनेमाला शेवटच नाही, असं ती म्हणते. पहिलाच सिनेमा आहे तिचा. मी होकार दिला.

पण एक बदल सुचवला आहे. तिने लिहिल्याप्रमाणे मी पुढे येऊन मोठं निवेदन करतो, बोलता बोलता तुम्हाला तरंगत्या खुर्चीवर बसवतो (खुर्ची माझी, हे जाता जाता लक्षात असू द्या) आणि गायब करतो. मी तिला सांगितलं की मी हे सगळं करीन, पण न बोलता. सध्या मी मौन धरलं आहे. ती आली तेव्हा सगळी उत्तरं पाटीवर खडूने दिली. पोरगी भारावून गेली. गळ्याभोवती मी रेशमी रुमाल बांधतो हल्ली, तोही तिला फार आवडला.

मोठा कलावंत शेवटी शांततेकडे वळतो. तुम्ही सुरुवातच तिथून केलीत, त्यामुळे तुम्हाला वळायला जागा उरली नाही.

जे असेल ते लिहून कळवा. फोन करू नका.

तुमचा थोरला साडू,
धबधबा


९ जून

साडूबुवा,

फोन केला. मुद्दाम केला. मी फोन करत नाही हे सगळं घर जाणतं, तरी केला. तुम्ही उचललात. तुमचा श्वास ऐकू आला. ‘हॅलो’सुद्धा म्हणाला नाहीत. मी ‘हॅ’वर अडकलो होतो, तेही ऐकलं असेलच. मग ठेवून दिलात.

माझाच आयटम करून मलाच चिडवता?

तुमच्याकडे आवाज होता. तुम्ही ‘बसा’ म्हटलं की उभे असलेले बसायचे आणि बसलेले सावरून बसायचे. तो देवाने दिला. मौन मला कुणी दिलं नाही. ते मी का कमावलं हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते तुम्ही एका रुमालाबरोबर गळ्यात बांधून मिरवावं, याला चोरी म्हणतात. खुर्चीची चोरी मी विसरलो होतो. (खुर्ची माझी.)

माझं काम करणारा नट माझ्याकडे शिकायला येतो. तो श्वास घेतो तेवढाच वेळ गप्प असतो. मी त्याला तोंडात पाण्याचा घोट धरून तालीम करायला लावतो. हसू आलं की फवारा उडतो. आतापर्यंत माझी कबुतरं, बायकोची, म्हणजे आपल्या धाकटीची, साडी आणि भाचीची संहिता भिजली. पण परवा त्याने अख्खा प्रवेश घोट न सांडता केला. माझा नट तुमच्या नटाला खाऊन टाकणार, हे लिहून ठेवा.

मौन सोडा.

मौनी


१५ जून

मौनीमहाराज,

मौन काय तुमच्या तीर्थरूपांनी तुमच्या नावावर करून दिलं होतं? उद्या म्हणाल, डोळे मिचकावायचे नाहीत, तेही माझंच.

तुमचा नट माझ्या नटाला खाईल म्हणता. माझ्या नटाची हकीगत ऐका. उंच आहे, देखणा आहे, आणि बोलतो तेव्हा असं वाटतं की शर्टाच्या बटणाशी काहीतरी खाजगी बोलणं चाललं आहे. मी पाटीवर लिहिलं, ‘शेवटच्या रांगेत डुलकी काढणाऱ्यालाही कळलं पाहिजे की जादू त्याच्यासाठीच चालली आहे.’ तो म्हणाला, ‘एकदा तुम्ही म्हणून दाखवा ना, सर.’ मी लिहिलं, ‘पोहायला शिकवणारा पोहून दाखवत नाही. ढकलतो.’ आणि खरोखर ढकलला. गच्चीवर उभा केला, मी खाली रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो, आणि मला ऐकू येईपर्यंत त्याला तेच वाक्य म्हणायला लावलं. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून शिव्या दिल्या. मग पोराचा आवाज असा काही सुटला की शिंपी दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, ‘पुढे काय होतं?’

साडूबुवा, तो आवाज ऐकताना माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. शिकवणाऱ्याला अभिमान वाटतो, एवढंच समजा.

भाचीला मी पुन्हा कळवलं आहे की माझी अट कायम. ती तिकडून लिहिते, ‘आतोबा, तुमचा खरा आवाज पडद्यावर यावा म्हणून तर हा प्रवेश लिहिला.’ हट्टी आहे. तुमच्या बायकोच्या माहेरची आहे. (माझ्याही.)

आणि तुम्हाला कुणीतरी बोलायलाच हवं असेल, तर तुम्ही बोला की! अडवलंय कुणी?

धबधबा


१९ जून

साडूबुवा,

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं. धाकटीने वाचलं. तिने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, ‘ताईचा नवरा म्हणून आजवर ऐकून घेतलं, पण हे फारच झालं.’

एका रंगमंचावर दोन मुके म्हणजे विनोद नाही. मयताची गर्दी.

भाचीला मी काल कळवलं. मी सिनेमात नाही. तुम्ही दोन्ही कामं करा. खुर्चीवर स्वतःच बसा आणि स्वतःच गायब व्हा.

मौनी


२२ जून

भावोजी,

हे पत्र मी लिहिते आहे हे घरात ठाऊक नाही. ते शिंप्याकडे गेलेत, कोटाच्या आतले खिसे दुरुस्त करून घ्यायला. कशाला, ते पुढे कळेल.

मला वळणं घेऊन लिहिता येत नाही. हिवाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आता प्रकृतीला धोका नाही असं डॉक्टर सांगतात. पण आवाज गेला तो गेलाच. रुमालाखाली गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच घेतात. ‘कुणालाही सांगशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही’ असं पाटीवर लिहून मला धमकी दिली. लिहिल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसतानाही आवाज येत नाही हो त्यांचा. नुसते खांदे हलतात.

ऑपरेशननंतर उठून बसायलाही तयार नव्हते. सामानाची पेटी कुणाला तरी देऊन टाक, असं पाटीवर लिहिलं. भाची सिनेमाचं घेऊन आली त्या दिवशी पहिल्यांदा दाढी केली. आता आरशासमोर उभं राहून जुनं निवेदन म्हणतात. ओठ हलतात, हातवारे सगळे जागच्या जागी, आणि खोलीत पंख्याचा आवाज. मी दाराबाहेर उभी असते. आत जात नाही.

तुम्हाला ते टोचून लिहितात हे मला कळतं. तुमची जीभ अडते म्हणून तुम्ही मौन धरलंत, आणि त्यावर कोटी करायला नको होती. पण तुम्हाला लिहायला बसले की त्यांच्या चेहऱ्यावर जुनी तरतरी येते. पत्र पुरं झालं की मला वाचायला देतात आणि मी हसले की कॉलर ताठ करतात. गेल्या कित्येक महिन्यांत दुसऱ्या कशानेही एवढं झालं नाही.

तेव्हा भावोजी, मागणं एकच. दया दाखवू नका. तुम्ही ‘फार वाईट वाटलं’ लिहिलंत की ते दार लावून घेतील आणि मग सिनेमाही नाही आणि काही नाही. भांडण सोडू नका. पण त्यांना स्टेजवर न्या. कसं ते मला सुचत नाही. लोकांना चकवायचा धंदा तुमचा आहे, माझा नाही.

धाकटीला सांगितलंत तरी चालेल. तिचा राग मी ओळखते, तो उतरायला कारण लागतं.

ताई


२६ जून

साडूबुवा,

विचार बदलला. मी सिनेमात आहे. तुमच्यासाठी नाही. माझ्या नटाने घोट सांडायचं सोडलं, आता मी पळालो तर तो काय म्हणेल.

तुम्ही माझं मौन उचललंत. ठीक. मग मी तुमची बडबड उचलतो. फिट्टंफाट. शेवटच्या प्रवेशात मौनी बोलेल आणि धबधबा गप्प बसेल. खुर्चीवर बसणार मी, गायब होणार मी, आणि तोपर्यंत निवेदनही करणार मी. भाचीला कळवलं. ती म्हणाली, ‘धाकटे आतोबा, नक्की?’ मी पाच-सहा झटक्यांत ‘नक्की’ म्हणालो.

पैज लावतो. तुमचं निवेदन मी तुमच्यापेक्षा बरं करीन. तुम्ही वाक्यावर टाळी घ्यायला थांबायचात, आठवतं? टाळी पडेपर्यंत हात वर. कधीकधी हात दुखेपर्यंत. मी थांबणार नाही.

निवेदनाची प्रत पाठवा. घाबरत असाल तर पाठवू नका.

मौनी


२ जुलै

साडूबुवा,

तुमचं पत्र आलं, वाचलं, आणि मी चेकाळलो. म्हटलं, आला बेटा मैदानात! पाटीवर हिला लिहून दाखवलं, ‘पैज लावतोय म्हणे!’ ती म्हणाली, ‘हो का?’ आणि भाजी चिरत राहिली. मान वर केली नाही. हिने कधी एवढ्या कमी शब्दांत भागवल्याचं मला स्मरत नाही.

मग पत्र पुन्हा वाचलं. फोनवर स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की धाकटीच्या हातात रिसीव्हर देणारा माणूस भरल्या थिएटरात निवेदन करतो म्हणतो. कशासाठी? ईर्ष्येपायी? आपल्या ईर्ष्येला मी चांगला ओळखतो, साडूबुवा. तिच्यापायी आपण एकमेकांची कबुतरं सोडून दिली, पेट्यांची कुलपं बदलली, एकमेकांच्या शोला पहिल्या रांगेत बसून जांभया दिल्या. पण तिच्यापायी तुम्ही तोंड कधी उघडलं नाहीत. तेवढी ताकद तिच्यात नाही. म्हणजे तुम्हाला कळलंय. हिने लिहिलंय.

मी पाटीभर मोठ्या अक्षरात हिच्याशी भांडलो. हिने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि म्हणाली, ‘झालं? आता जेवायला बसा.’ आमच्याकडची भांडणं हल्ली अशी होतात.

एक दिवस तुमचा फार राग आला. दुसऱ्या दिवशी कमी आला. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या पत्रात मला एकही गोड शब्द लिहिला नाही हे पुन्हा तपासून पाहिलं, आणि तुमच्याबद्दल आदर वाटला. बाकी लोकांना कळलं असतं तर त्यांनी फळं आणली असती.

म्हणून आता थेट कामाचं. निवेदन सोबत आहे. ते जुनं नाही, नवं लिहिलं आहे. जेवताना तुम्ही पाण्याकडे नेहमी बोट दाखवता, तोंडाने मागत नाही, हे मी पहिल्या पंगतीपासून पाहत आलो आहे. तेव्हा ‘प’ने सुरू होणारा एकेक शब्द वेचून काढला. ‘प्रेक्षकहो’ गेलं, ‘रसिकहो’ आलं. ‘पाहा’ गेलं, ‘बघा’ आलं. ‘पडदा’ मात्र काही केल्या हलेना. तिथे नुसतं बोट करा. लोकांना डोळे असतात.

वाक्य सुरू करताना छाती भरून घेऊ नका. श्वास सुटत असताना पहिलं अक्षर त्यावर हलकेच सोडा, पाण्यात होडी सोडतात तसं. आणि एक वाक्य झालं की लोकांकडे बघा. पळू नका. मी हात वर धरून टाळीसाठी थांबायचो म्हणता ना, तो गर्व नव्हता (थोडा होता). लोकांना हसायला वेळ द्यावा लागतो.

ही न्हाणीघरात घसरली, पायाला प्लास्टर आहे. शूटिंगला मी एकटाच येतो. स्टेशनवर माझ्यासाठी कुणी पाटी घेऊन उभं राहू नये. पाटी माझ्याकडे आहे.

धबधबा

ता. क. — कोटाला आतून नवे खिसे शिवून घेतले आहेत. काय भरलंय ते सांगणार नाही. शेवटी तुम्ही प्रतिस्पर्धी आहात.


१८ जुलै

ताई,

तुमचे यजमान काल इथून निघाले. घरी पोचून पाटीवर सगळी हकीगत लिहितील. त्यांच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. खरं मी सांगतो.

जुनं थिएटर भाचीने भाड्याने घेतलं होतं. खुर्च्यांवर भाड्याने आणलेले प्रेक्षक. कुणी हसायचं, कुणी खोकायचं, सगळं ठरवून दिलेलं. धाकटी विंगेत उभी होती. तिने सकाळपासून माझ्याकडे बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर मी घरी गेलो असतो.

पडदा उघडला. मी पुढे आलो. श्वास सोडला. ‘रसिकहो’ म्हणालो.

ताई, आलं. स्वच्छ आलं. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि तिथून परत आला, तेव्हा मला कळलं की तो असा आहे. पुढची दोन वाक्यं आली. एकही ‘प’ नाही. मनात म्हटलं, थोरल्याने काम चोख केलंय. आणि तेवढ्यात ‘कधीही’ या शब्दावर जीभ टाळूला चिकटली. ‘क’ने मला आजवर कधी त्रास दिला नव्हता. ‘क… क… क…’ सगळं थिएटर गप्प. हे ठरवून दिलेलं नव्हतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, भाची कॅमेरा थांबवायला हात उचलते आहे.

तुमच्या यजमानांनी टोपीतून कबूतर काढलं. माझ्यापुढे धरलं. भुवया उंचावल्या. म्हणजे, हे म्हणायचंय का?

कुणीतरी खुदकन हसलं. मी मान हलवली. नाही. ‘क… क…’ त्यांनी माझ्याच खिशातून माझा कंगवा काढला. हा? मी पुन्हा मान हलवली. मग नव्या खिशातून भलंमोठं कुलूप. मग किसणी. ताई, ती तुमची किसणी होती, मी ओळखली. शोधत असाल तर ती इथेच राहिली आहे. थिएटर हसून हसून आडवं झालं. हे भाड्याचं हसणं नव्हतं, भाड्याचं हसणं एकसारखं असतं. मलाही हसू आलं आणि हसता हसता ‘कधीही’ सुटलं. टाळ्या! एका क्रियाविशेषणाला एवढ्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत.

त्यानंतर मी अडलो की ते धावत येत. ‘च’वर चमचा, ‘ग’वर गंजिफ्राक. आणि खरं सांगू? एक-दोनदा मी मुद्दाम अडलो. आजवर जिथे मरण यायचं, तिथे मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो, कारण तिथे हा माणूस काहीतरी घेऊन येणार हे ठाऊक होतं.

शेवटी खुर्चीवर बसलो. खुर्ची वर गेली. निरोपाचं ‘रसिकहो’ म्हणायचं होतं, आणि सुरुवातीला जे सहज आलं होतं तेच आता अडलं. हे खरंच अडलं. ‘र… र…’ त्यांनी एकेक खिसा उलटा केला. काही नाही. सगळा कोट उलटा केला. ‘र’चं काही आणलंच नव्हतं. लोक हसत होते. मग तुमचे यजमान थांबले. माझ्याकडे बघितलं आणि गळ्याचा रेशमी रुमाल सोडला.

थिएटर एका क्षणात चिडीचूप झालं. गळ्याचं भोक दिव्याच्या झोतात सगळ्यांना दिसलं. भाचीला तोपर्यंत काही ठाऊक नव्हतं. तिने तोंडावर हात धरला, पण कॅमेरा थांबवला नाही. पोरगी आपलीच आहे. ते तसेच उभे राहिले, रुमाल हातात वर धरून. हात खाली केला नाही. पूर्वी टाळीसाठी धरायचे तसाच.

मी म्हणालो, ‘रु-मा-ल.’ आणि मग, ‘रसिकहो.’

त्यांनी मान लववली, रुमालाचं टोक ओढलं, तर त्यातून दुसरा रुमाल निघाला, त्यातून तिसरा, लाल, पिवळा, निळा, स्टेजभर रुमाल, स्वतःच्याच रुमालात पाय अडकून ते पडता पडता वाचले आणि थिएटर पुन्हा फुटलं. तेवढ्यात त्यांनी चादर टाकली आणि मला गायब केलं. माझ्या माहितीत इतकं स्वच्छ गायब मला कुणी केलेलं नाही. हे त्यांना सांगू नका.

नंतर विंगेत भाची त्यांच्या गळ्यात पडून रडली. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘गंजिफ्राक स्वच्छ होता, काळजी नको.’

पायाला जपा.

तुमचा,
भावोजी


११ नोव्हेंबर

साडूबुवा,

सिनेमा लागल्यापासून रस्त्याने चालता येत नाही. काल भाजीवालीने वजन करता करता मला ओळखलं. ‘तुम्हीच ना ते रुमालवाले?’ म्हणाली आणि शेजारणीला हाक मारली. तरुणपणी मी एवढा बोललो तेव्हा कुणी एवढं थांबून बघत नव्हतं. लोक गळ्याकडे बघतात आणि मग डोळ्यांत बघतात. पूर्वी मला वाटायचं, फक्त गळ्याकडेच बघतील. रुमाल मी अजून बांधतो, पण थंडीसाठी.

तुमचा नट चांगला आहे. माझा जास्त चांगला आहे. वर्तमानपत्रात दोघांचं कौतुक सारखंच आलं, म्हणजे समीक्षकाला काही कळत नाही.

आता महत्त्वाचं. नव्या थिएटरच्या मालकीणबाई घरी आल्या होत्या. त्यांना आपला प्रयोग हवा आहे. सिनेमा नव्हे, प्रत्यक्ष प्रयोग. तुम्ही आणि मी, दोन अंकी, पुढच्या महिन्यात. मी तुम्हाला न विचारता होकार दिला आहे. विचारलं असतं तर तुम्ही पंधरा दिवस घेतले असते आणि मग ‘नाही’ म्हणाला असता. सिनेमात कापता येतं, स्टेजवर येत नाही, हे तुम्ही म्हणणार, तेही मी त्यांना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ‘कापायचंच नाही, तेच तर बघायला लोक येणार.’

तुम्हाला भीती वाटते, हे मला कळतं. मला नाही वाटत. माझं जायचं होतं ते गेलं. आता माझ्याकडे दोन हात, एक कोट आणि तुम्ही एवढंच उरलं आहे, आणि मी मोजून बघितलं, पुरेसं आहे.

पोस्टरवर माझं नाव वर. वयाचा मान म्हणून.

सप्रेम,
थोरला साडू


१६ नोव्हेंबर

साडूबुवा,

तुमचं पत्र आलं आणि मी ‘नाही’ लिहायला बसलो. लिहूनही झालं. पाकीट बंद केलं आणि टाकायला निघालो. धाकटी घरी नव्हती, बहिणीला बघायला तुमच्याकडेच आली होती. घरात पोस्टाची तिकिटं नव्हती. ती नेहमी तीच आणते.

पोस्टात रांग. माझा नंबर आला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘काय हवंय?’ मी श्वास सोडला आणि अडकलो. ‘प’वरच. ‘पोस्टाची’ एवढंच म्हणायचं होतं. बोट दाखवायला तिकिटं समोर नव्हती. मागे लोक. पूर्वी असं झालं की मी वळून घरी जात असे.

मागून एक बाई म्हणाल्या, ‘अहो, हे तेच! थांबा, आता काहीतरी निघणार!’ आणि सगळी रांग माझ्या खिशाकडे बघायला लागली. खिडकीतल्या बाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या. तुम्ही तिथे नव्हता. खिसा चाचपला. आत चष्म्याचं घर आणि पेन.

पेन काढलं. वर धरलं. ‘हे नाही,’ म्हणालो.

साडूबुवा, अख्खं पोस्ट हसलं. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. कुणी माझं वाक्य माझ्यासाठी पुरं केलं नाही. सगळे थांबले, कारण पुढे काय येतं ते त्यांना ऐकायचं होतं. मग मी तिकिटं मागितली. सगळं वाक्य, सावकाश, शेवटपर्यंत. बाईंनी दिली.

बाहेर येऊन ‘नाही’चं पत्र फाडलं आणि तिथल्याच बाकावर बसून हे लिहितो आहे.

प्रयोग करू. ताईंना सांगा, किसणी परत मिळणार नाही, ती आता सामानात आहे. पोस्टरवर नाव माझं वर. बोलणार मी आहे. हे मान्य नसेल तर रविवारी इकडे या आणि समोरासमोर भांडा. मात्र सबंध दिवस काढून या. मला वाक्य पुरं करायला वेळ लागतो, आणि मला बरंच बोलायचं आहे.

सप्रेम (खोडलेलं नाही),
धाकटा साडू